ढग वाजले की माझे दिवे विझतात

मी एक जुना स्विच आहे. मित्रांनो, दिव्याचं बटण नव्हे! रत्नागिरीतल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात, लोखंडी कपाटात मी राहतो. मला चोवीस भोकं आणि चोवीस वायरी. या वायरींनी मी सगळे संगणक एकमेकांशी जोडतो.

मिरजोळ्याच्या दीपकने मला बसवलं, त्याला तेरा वर्षं झाली. जांभ्याच्या भिंतीला भोक पाडता पाडता बिचारा धुळीने लाल झाला होता. तेव्हा माझं कोण कौतुक! निकालाच्या दिवशी मुलं कपाटाला हात जोडत. आता त्यावर जुनी वर्तमानपत्रं रचतात.

तीन वर्षांपूर्वी छताला पांढरा वायफायचा डबा लागला आणि माझा सगळ्यांवरचा विश्वास उडाला. मुलं मोबाइल उंच धरून त्याच्याकडे बघतात. तो मात्र माझ्याच बाराव्या भोकातल्या वायरीवर जगतो! माझ्या ताटात जेवणारा हा एक दिवस माझ्याच जिवावर उठेल, असं मला वाटायचं.

यंदा ऑक्टोबरात रोज दुपारी चारच्या सुमारास माझी शुद्ध हरपू लागली. सगळ्यांचं नेट जायचं. जाग यायची तेव्हा कपाट बंदच असायचं. मी डब्यावर संशय घेतला. मग उंदरांवर. मग दीपकवरही, नवा स्विच विकायला टपलाच असेल! रोज माझी धूळ पुसणाऱ्या शिपाई येसूबाईवर मात्र संशय आला नाही.

ग्रंथपाल अभय सरांचा संशय माझ्यावरच. "म्हातारा झालाय हा. सोमवारी भंगारात काढू," ते म्हणाले. मी घाबरलो, मित्रांनो. खरंच घाबरलो.

शुक्रवारी मला जाग आली तीच बोलण्याच्या आवाजात. कपाट उघडं होतं. नुकताच लावलेला माझा प्लग धरून येसूबाई उभी होती आणि समोर संगमेश्वरची विद्यार्थिनी रसिका, रडवेली.

"मावशी, रोज तुम्हीच प्लग काढता?"

"तर काय! ढग वाजले की काडायचाच. विजेनं आमचा टीव्ही जाळलान. ह्या बिचाऱ्याला कोण हाय?"

"अहो, पण नेट जातं ना!"

"नेट त्या वरच्या डब्यातनं येतं ना गो?"

"त्या डब्यालाही हाच पुरवतो. माझा प्रवेशाचा अर्ज अर्धाच राहिलाय, मावशी. पाचला मुदत संपते."

येसूबाईने खिडकीतून आभाळ पाहिलं. लांब गडगडत होतं. ती म्हणाली, "पटकन आटप. मी हितंच उभी ऱ्हातंय."

मी जीव तोडून काम केलं. पाचला सात मिनिटं असताना रसिका ओरडली, "अर्ज गेला, मावशी!" त्याच क्षणी येसूबाईने प्लग उपसला.

शनिवारी शुद्धीवर आलो तेव्हा कळलं, संध्याकाळी आवारात वीज पडली होती. शेजारच्या कार्यालयातला स्विच जळून काळा झाला होता. मी मात्र धडधाकट होतो. माझ्याबरोबरच विझलेला तो पांढरा डबाही वाचला होता. त्याला पाहून मला बरं वाटलं, याची मलाच लाज वाटली. येसूबाईने प्लगची गोष्ट सांगितली, तेव्हा अभय सरांनी भंगाराच्या यादीतून माझं नाव खोडलं.

जो हात रोज माझा जीव काढत होता, तोच माझा जीव राखत होता. मित्रांनो, संशय घेण्याआधी एकदा कपाट उघडून बघत जा. आणि ढग वाजले की माझा प्लग खुशाल काढा. फक्त त्याआधी, येसूबाई आता विचारते तसं, मोठ्याने विचारा, "कुणाचा अर्ज राह्यलाय काय गो?"