सतरा नंबरचा हातोडा

सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास आंबेझिरीच्या माळावर पाय ठेवायला जागा नसायची. शिरपूरहून रिक्षा भरभरून यायच्या, नरडाण्याकडून मोटारसायकली यायच्या, आणि चाळीसगावचे एक काका तर घरातले झाडून सगळे विळे, सुऱ्या, अडकित्ते पिशवीत घालून आले होते. प्रत्येकाच्या हातात काही ना काही लोखंड असायचं, कारण तांबडेबाबा लोखंडाकडून माणसाचं पाप वदवून घ्यायचे.

पद्धत सोपी होती. मंडपात काळा माठ, माठात तीर्थ, वर झेंडूच्या फुलांचा थर. शिष्य तुमचं लोखंड घेऊन पडद्यामागे जायचा, ते ‘शुद्ध’ करून आणायचा आणि बाबा ते माठात बुडवायचे. मिनिटभराने बाहेर काढलं की निर्मळ माणसाचं लोखंड होतं तसंच राहायचं आणि पापी माणसाचं रक्तासारखं तांबडं व्हायचं.

“लोहा झूठ नही बोलता!” बाबा गर्जायचे. “माणूस खोटं बोलस, वकील खोटं बोलस, नवरा तं लगीनपासूनच खोटं बोलस! लोहा कधी बोलना का खोटं?”

“नही!” गर्दी ओरडायची. जिचा नवरा शेजारीच उभा असायचा, तीही ओरडायची.

मी या भागाची वनक्षेत्रपाल. लोक रेंजर मॅडम म्हणतात, नाव कामिनी. माझ्या हाताखाली सोळा वनरक्षक आहेत आणि प्रत्येकाकडे एक बीट, म्हणजे जंगलाचा राखायचा तुकडा, आहे. प्रत्येकाला जिल्ह्याच्या यादीतला नंबर घातलेला एक पोलादी हातोडाही दिलेला आहे. कायदेशीर तोडलेल्या लाकडावर तो मारला की सरकारी अक्षरं आणि नंबर यांचा ठसा उमटतो आणि ते लाकूड नाक्यावरून बिनदिक्कत पुढे जातं. त्या हातोड्याची किंमत जंगलाइतकीच. तो हातातून सोडायचा नाही, ही नोकरीतली पहिली शिकवण.

आणि माझी माणसं तो दर सोमवारी बाबाच्या शिष्याच्या हातात देत होती. माझ्या परवानगीने.

झालं असं, की सागाची चोरी वाढली तेव्हा गावकरी आमच्यावर संशय घेऊ लागले. वनरक्षक लोटन बाबाचा भक्त होता. तो माझ्याकडे येऊन म्हणाला, “मॅडम, लोके म्हणतस, आमना विळा-कुऱ्हाडी बाबा तपासस, मंग साहेबलोकेस्ना हातोडा का नही? आपण नही गऊत तं आपणच चोर ठरसूत.” मला ते पटलं. पटलं कसलं, सोयीचं वाटलं. गावकरी खूश, वनरक्षक खूश. मी मासिक अहवालात ‘लोकसहभागातून वनसंरक्षण’ असं ठळक अक्षरांत लिहिलं आणि वरून शाबासकीही मिळवली.

दोन महिन्यांनी नाक्यावर तोडीच्या वहीत नोंद नसलेल्या, म्हणजे चोरीच्या, सागाचा ट्रक सापडला. प्रत्येक ओंडक्यावर सतरा नंबरचा ठसा होता, आणि सतरा नंबरचा हातोडा वनरक्षक कुंदनचा.

कुंदन माझा सगळ्यात कडक माणूस. प्रेमराज नावाच्या लाकूडवाल्याचा ट्रॅक्टर त्याने एकट्याने अडवला होता. त्याला मी समोर बसवलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, “मॅडम, हातोडा मन्हा कंबरले राहस. झोपस तधळ उशाशी राहस. फक्त सोमवारे बाबाकडे जास.” मी ते ऐकलं आणि निलंबनाच्या आदेशावर सही केली. ठसा समोर दिसत होता, मग आणखी काय विचारायचं?

पुढच्या सोमवारी हातोडा जप्त करण्यापूर्वी तो एकदा बाबाला दाखवा, असा गावाने आग्रह धरला. मी तोही मानला. हातोडा पडद्यामागे गेला, माठात बुडला आणि वर आला तो तकतकीत तांबडा.

“याच हाताने जंगल विकलं!” बाबा किंचाळले.

गावातले वडीलधारे झुलाल आबा उठले आणि म्हणाले, “तो हातच ठेवू नका.” अकरा माणसं कुंदनवर धावून गेली. मी शंभर पावलांवर जीपजवळ उभी होते. मी गर्दीतून वाट काढत पोहोचेपर्यंत त्याचं उजवं मनगट दगडावर ठेवून ठेचून झालं होतं.

त्या मारहाणीची तक्रारही मी धड दिली नाही. ‘जमाव अनोळखी’ असं लिहून मोकळी झाले. आता लाज वाटते. तेव्हा मनात होतं, निलंबित माणसासाठी कोण गावाचं वैर घेईल?

डोळे उघडले ते एका क्षुल्लक गोष्टीने. महिन्याभराने हत्यारांची तपासणी करताना लोटनचा चौदा नंबरचा हातोडा माझ्या हातात आला. आकड्याच्या खाचेत पांढरं काहीतरी अडकलं होतं. नखाने खरवडलं तर मेण. हातोड्याच्या तोंडाला मेण लागतं कशाला? मी कपाटातून कुंदनचा जप्त केलेला हातोडा काढला. त्याचा तांबडा थर पॉलिशपेपरने घासला तर खाली नेहमीचं लोखंड. पाप इतक्या सहज निघतं, हे मला माहीत नव्हतं.

दोन्ही हातोडे घेऊन मी शिरपूरला सुनिताकडे गेले. ती माझी मैत्रीण, ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. तिने एका भांड्यात पाणी घेतलं, त्यात चमचाभर मोरचूद विरघळवला, स्वयंपाकघरातली सुरी राखेने घासली आणि बुडवली. मिनिटभरात सुरी तांबडी.

“मोरचुदात तांबं असतं,” ती म्हणाली. “स्वच्छ लोखंड आत गेलं की ते तांबं लोखंडावर बसतं. अकरावीची पोरं करतात हा प्रयोग.”

“पण लोटनचा हातोडा तांबडा झाला नव्हता.”

तिने दुसरी सुरी मेणबत्तीवर चोळली आणि बुडवली. काहीच झालं नाही. “मेणामुळे पाणी लोखंडाला शिवतच नाही. पडद्यामागे राखेने घासलं की चोर, मेणाने पुसलं की साव. कोणाला काय करायचं ते शिष्याला आधीच सांगितलेलं.”

मी चौदा नंबरच्या खाचेत उरलेलं मेण नखाने उचललं. मेणाचा दुसरा उपयोग तिला सांगावा लागला नाही. मऊ मेणात हातोड्याचं तोंड दाबलं की ठसा मिळतो, आणि ठशावरून खोटा हातोडा ओतून घेता येतो. मेणातला ठसा उन्हाने पसरतो, म्हणून तो दर सोमवारी ताजा घ्यायचा. माझे सोळाच्या सोळा हातोडे दर सोमवारी त्या पडद्यामागे जाऊन आले होते. कुंदनने ट्रॅक्टर अडवला म्हणून त्याचाच नंबर आधी वापरला, तो पकडला गेला तेव्हा त्यालाच चोर ठरवला, आणि आता सतरा नंबर बदनाम झाल्यावर त्यांना नवा नंबर हवा होता.

मला त्या क्षणी बाबाचं मनगट हवं होतं. खोटं कशाला बोलू? कायदा, चौकशी, पंचनामा हे सगळं मला नंतर आठवलं.

सोमवारी सकाळी मी लोटनला बोलावलं. त्याला बाहेर थांबवून पंचांसमोर त्याच्या हातोड्यावरच्या एका अक्षराचा पाय कानशीने किंचित घासला, डोळे बारीक केल्याशिवाय दिसणार नाही इतकाच. “जा, बाबाला दाखवून आण,” म्हटलं. तो घेऊन गेला आणि तासाभरात परत आला. मी पुन्हा पंचांसमोर तो हातोडा पाकिटात घालून सील केला आणि कपाटात ठेवला. आता घासलेल्या पायाचा ठसा जगात कुठेही उमटला, तर तो लोटनचा नसणार होता.

बारा दिवसांनी नाक्यावर प्रेमराजचा ट्रक आला. ओंडक्यांवर चौदा नंबर, आणि अक्षराचा पाय घासलेला. मी ट्रक अडवला, ड्रायव्हरला ठेवून घेतलं आणि सोमवारची वाट पाहिली. आयुष्यात इतक्या आनंदाने कशाची वाट पाहिली नव्हती.

त्या सोमवारी मंडपात साध्या कपड्यातले पोलीस होते, सुनिता होती, आणि पहिल्या रांगेत मोडका हात झोळीत बांधलेला कुंदन आणि त्याची बायको दिपमाला. त्यांना बघून लोक सरकून बसले.

“बाबा,” मी कोयता पुढे केला, “माझी परीक्षा घ्या. जंगल माझ्या ताब्यात आहे, पहिला संशय माझ्यावरच हवा.”

शिष्य कोयता घ्यायला धावला. मी म्हटलं, “शुद्ध मी घरूनच करून आणलाय.” आणि बाबाने हात पुढे करायच्या आत अख्खं पातं माठात बुडवलं. मिनिटभराने बाहेर काढून सगळ्यांना दाखवलं. टोकाकडचा अर्धा भाग तांबडा, मुठीकडचा अर्धा जसाच्या तसा.

“बाबा, मी अर्धी चोर आहे का?”

कोणीतरी खुदकन हसलं. बाबा म्हणाले, “तुन्हा मनमा शंका शे, बाई. लोहा शंका वळखस.”

“मग तुमच्या मनात शंका नसेलच.” मी त्यांच्या गादीशेजारचा त्रिशूळ उचलला, राखेने खसाखसा घासला आणि त्याच माठात घातला. बाबा झडप घालायला उठले तर दोन साध्या कपड्यातल्या माणसांनी त्यांना प्रेमाने खाली बसवलं. त्रिशूळ वर आला तो नवरीच्या कुंकवासारखा लाल.

आता सुनिता पुढे झाली. तिने दुसऱ्या माठात सगळ्यांसमोर मोरचूद विरघळवला आणि लोकांना हाका मारून त्यांचंच लोखंड त्यात बुडवायला लावलं. ज्यांना हवं त्यांनी राखेने घासलं, ज्यांना हवं त्यांनी मेण लावलं. चाळीसगावचे काका आपला अडकित्ता एकदा चोर आणि एकदा साव करून बघत होते. पोलिसांनी पडदा फाडला. आत मोरचुदाची पोतडी होती आणि मेणाच्या सोळा वड्या होत्या, प्रत्येकीवर आमच्या एकेका हातोड्याचा उलटा ठसा. मग नाक्यावरचे ओंडके ट्रॅक्टरने मंडपासमोर आणले. मी सील फोडून चौदा नंबरचा हातोडा काढला आणि घासलेला पाय आधी हातोड्यावर दाखवला, मग मेणावर, मग लाकडावर.

“या बाबाचं नाव योगराज,” मी म्हटलं. “ट्रकच्या ड्रायव्हरने सगळं सांगितलंय. हा खतांच्या दुकानात मोरचूद विकायचा. प्रेमराजच्या पैशावर हा मंडप उभा आहे. तुमचं पाप शोधायला तो आला नव्हता, तुमचा साग न्यायला आला होता.”

 मग झुलाल आबाच उठले. “हात मोडा याना! दगड आना!” तीच माणसं, तोच दगड. योगराज “माई, माई” करत माझ्या पायांशी आला. आणि मी, सोळा वनरक्षकांची साहेब, दोन पावलं मागे सरकले. मला ते बघायचं होतं. पोलीस पुढे झाले नसते तर मी बोट हलवलं नसतं.

गर्दी पोलिसांनाही रेटू लागली तेव्हा कुंदन उठला. तो योगराजसमोर जाऊन उभा राहिला.

“त्यान्हा हात मोडू नका,” तो म्हणाला. “जबाबवर सही कराले लागी.”

झुलाल आबांच्या हातातला दगड खाली आला. कुंदनने त्यांच्याकडे बघितलं. “आणि आबा, तुमना हात बी राहू द्या. तुमले बी सही करनी शे.”

योगराजवर जादूटोणाविरोधी कायद्याखाली आणि जंगलचोरीचा गुन्हा दाखल झाला. प्रेमराजलाही उचललं. दुसऱ्या दिवशी मी अकरा माणसांची नावं लिहून कुंदनच्या मारहाणीची नवी तक्रार तयार केली. झुलाल आबा ऑफिसात येऊन रडले. “आम्हले काय माहीत, मॅडम? बठ्ठा गाव मानत व्हता. डोळाघाई देखं ना आम्ही!”

“डोळ्यांनी एकदाच बघितलं, आबा,” मी म्हटलं. “एकाने तरी म्हणायचं होतं, पडदा काढा. एकाने तरी म्हणायचं होतं, माझ्या हाताने बुडवू द्या, परत बुडवू द्या. तेवढ्याने कुंदनचा हात वाचला असता.” मला त्यांची दया आली नाही. त्यांचं नाव यादीत पहिलंच ठेवलं.

दुपारी दिपमाला आली. तक्रारीची प्रत तिला वाचून दाखवली. तिने सगळी नावं शांतपणे ऐकली, बोटांवर मोजली आणि विचारलं, “मॅडम, यामा तुमनं नाव कोठे शे?”

मी प्रत उलटी करून टेबलावर ठेवली.

“हातोडा बाबाकडे देवाले तुम्हीच सांगं ना? घरधनी म्हणे, फक्त सोमवारे बाबाकडे जास. तुम्ही तधळ इचारं का, कसाले जास?”

ती गेल्यावर मी वरिष्ठांना वेगळा अहवाल लिहिला. सरकारी शिक्क्याचा हातोडा माझ्या परवानगीने परक्याच्या हाती गेला, निर्दोष वनरक्षकाचा खुलासा मी तपासला नाही, माझी चौकशी व्हावी. खाली सही केली. चौकशी चालू आहे.

वाचकहो, चमत्कार दिसला तर नमस्काराआधी प्रश्न विचारा. पडदा काढायला सांगा, स्वतःच्या हाताने पुन्हा करून बघा. जो बाबा नाही म्हणेल तो भामटा, एवढा हिशेब पुरे. आणि साहेब असाल, हातात सही करायचं पेन असेल, तर दुप्पट विचारा. मी एक प्रश्न विचारला नाही. कुंदन आता नोकरीत परत आहे, पण त्याचं मनगट वाकडं जुळलंय. तो हातोडा डाव्या हाताने मारतो.