खालचं टोक

कपाट जिन्यावरून चढवताना वरच्या माणसाला वाटतं आपणच उचलतोय. वजन असतं ते खालच्याच्या अंगावर. घरसामान हलवणाऱ्या त्या टोळीत उस्ताद आयुष्यभर खालीच राहिले, आणि त्यांचा मानही तोच. बायकोचा धाकटा भाऊ कायम वर. ओझं अलगद दुसऱ्याकडे सरकवून स्वतः घाम पुसण्यात हा मेहुणा इतका तरबेज, की उस्तादांनीच त्याला 'वजनचोर' म्हणायला सुरुवात केली. त्या धंद्यात याहून वाईट शिवी नाही.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर उस्तादांची डावी मांडी वाळली, पॅन्ट एका बाजूनं लोंबायला लागली. मालकानं त्यांना कपबशा कागदात गुंडाळायला बसवलं. महिनाअखेर सामान घेऊन जिना चढलात तर ठीक, नाहीतर इथेच बरे आहात, म्हणाला. जणू बढतीच दिली.

म्हणून रोज दमून भागून फिजिओबाईंकडे जायचं. बाई मांडीला वर पट्टा बांधून त्यात हवा भरत. रक्त थांबवायचं नाही, फक्त त्याची वाट आवळायची. मग हलक्या कामातही स्नायू जड काम केल्यासारखा थकतो आणि गुडघा वाचतो, असं त्यांनी समजावलं होतं. काम म्हणजे खुर्चीवरून उठायचं, बसायचं. फ्रिज पाठीवर नेणाऱ्यानं नुसतं स्वतःला उचलायचं! उस्ताद घरी 'व्यायाम' एवढंच सांगत.

मांडी मात्र भरेना. बाईंची टेप रोज त्याच आकड्यावर येऊन थांबे. मांडीत जळजळ होते का, असं बाईंनी विचारलं की उस्ताद नाही म्हणत. पट्टाच कुचकामी, असं बायकोपाशी पुटपुटत.

एका संध्याकाळी मेहुणा त्यांना न्यायला आला आणि मागच्या बाकावर मोबाइल बघत बसला. मग मोबाइल बघायचा थांबला.

"भाऊजी, उजवा खांदा आधी उठतोय तुमचा."

"गप बस."

"बसलोच आहे. पण सगळं उजव्या पायावर घेताय तुम्ही. डावा नुसता सोबतीला आलाय. माझ्यासारखा."

बाईंनी दोन्ही पायांखाली एकेक वजनकाटा सरकवला. उस्ताद उठले. उजवा काटा गरकन फिरला, डावा जेमतेम हलला. त्यात लबाडी नव्हती. जिथे बळ तिथे भार, ही जन्माची सवय अंगानं त्यांना न विचारता पाळली होती. तरी डाव्या काट्याकडे त्यांनी ज्या नजरेनं पाहिलं, ती मेहुण्याच्या ओळखीची होती.

बाईंनी उजवा पाय पुढे ठेवायला लावला, म्हणजे त्याला मदत करता येईना. उठणं जरा सोपं जावं म्हणून खुर्चीत उशी घातली. पुन्हा हवा भरली. निम्म्यात उस्तादांनी 'थांबा' म्हणून हात वर केला.

"आज खरं दुखलं," बाई म्हणाल्या. त्यांना बरं वाटलेलं दिसलं.

महिनाअखेर मांडी थोडी भरली होती, थोडीच. कपाटापाशी उस्ताद न सांगता वरच्या टोकाला गेले. मेहुण्याचा चेहरा पडला, पण खालची जागा कुणीतरी घ्यायलाच हवी होती. मालक दारातून बघत होता. कोण वर, कोण खाली याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. कपाट चढतंय, एवढं त्याला पुरे होतं.

मधल्या वळणावर त्यांनी कपाट टेकवलं. मेहुणा पायरीवर मटकन बसला.

"खाली इतकं असतं होय?"

उस्तादांचा डावा पाय लटलटत होता. पुढच्या पायरीवर त्यांनी तोच आधी ठेवला.

"ऊठ," ते म्हणाले. "अजून एक मजला आहे."