उंदरांना वाढलेला तूपभात

लेकाच्या, राजसच्या तेराव्याला सुलेखाने पानावर तूपभात वाढला आणि या परक्या देशातल्या, यिशुन भागातल्या अकराव्या मजल्यावरच्या घरातून खाली पाहिलं. कावळे पुष्कळ होते. पण इथे पक्ष्यांना खायला घालणं गुन्हा. एकोणीस वर्षांचं पोर लॉरीखाली जातं, तेव्हा कायदा आडवा येत नाही. त्याच्या घासाला मात्र येतो.

पान घेऊन ती त्याच्या खोलीत गेली. पलंगाखाली प्लास्टिकच्या खोक्यात त्याचा साप होता, नारिंगी, करंगळीएवढ्या जाडीचा. इथल्या गुंडाळलेल्या पराठ्यासारखं वेटोळं घालून बसतो म्हणून राजसने त्याचं नाव प्राटा ठेवलेलं. साप पाळणं हाही इथे गुन्हाच, म्हणून सगळं गुपचूप. शेजारच्या पिंजऱ्यात त्याच्या खाण्यासाठी वाढवलेले पांढरे उंदीर. सुलेखाने भात त्यांच्यापुढे सारला. ते तुटून पडले.

"शिवला गं बाई," ती म्हणाली, आणि तेरा दिवसांत पहिल्यांदा रडली.

मग ते रोजचंच झालं. उंदरांच्या खाण्याच्या कोरड्या गोळ्यांची पिशवी कपाटात पडून राहिली. राजस असताना एकदा तिने त्यांना भात घातला, तर इथल्या बोलीतला 'लाह' लावून ओरडला होता, "आई, राईस नको लाह! उंदीर जे खातो तेच सापाच्या अंगाला लागतं." तिला ते पोरखेळ वाटलं होतं. आता दर रविवारी, जन्मात अंडं न फोडलेली ही बाई एक उंदीर सापाच्या खोक्यात सोडायची आणि लगेच कुकर लावायची. शिट्टीत बाकी काही ऐकू येत नाही.

प्राटा जाड झाला. लांब होईना. सहाव्या महिन्यात कात अंगावरच अडकली, मग त्याने खाणं सोडलं.

"डॉक्टरकडे नेऊ या, निशी."

"आणि सांगू काय? पाहुणा आलाय म्हणून?" तिचा नवरा निशिकांत नुकताच तुआसच्या कामावरून आला होता, बूटही पायातच. "आधी मलाच आत टाकतील."

"पोराचं एवढंच जिवंत उरलंय घरात."

"मग आपण कोण?"

"तू आहेस जिवंत?"

तो बुटांसकट राजसच्या खोलीत गेला, सहा महिन्यांत पहिल्यांदा, आणि राजस सापाच्या नोंदी करायचा ती वही घेऊन आला. ती वही उघडायची सुलेखाची छाती झाली नव्हती. त्याने मोठ्याने वाचलं.

"ब्रेड-भातावरचे उंदीर, दोन महिने. सापाचं वजन वाढलं, लांबी नाही. गोळ्यांवरचे उंदीर, दोन महिने. लांबी अकरा सेंटिमीटरने वाढली." त्याने पान उलटलं. खाली एकच ओळ होती. "आईला नीट समजावायचं. तिला वाईट वाटेल."

मग त्याने विचारलं, "तू काय घालत होतीस त्यांना?"

सुलेखाने तोंडात पदर कोंबला.

त्याच संध्याकाळी तिने गोळ्या घातल्या. उंदरांनी हुंगून तोंड फिरवलं. तिसऱ्या दिवशी प्राटा गेला.

"कचऱ्याच्या शूटच्या नळातून खाली नाही टाकायचा," ती म्हणाली.

"नाही टाकत."

तिने राजसची मोजायची टेप काढली. प्राटाला जमिनीवर सरळ केलं, तो करायचा तसंच, डोक्यापासून शेपटीपर्यंत. आकडा वहीत लिहिला. वरचा आकडा राजसच्या हातचा, अपघाताच्या आदल्या दिवशीचा. दोन्ही सारखेच. तिच्या हाताखाली प्राटा बोटभरही वाढला नव्हता.

मागे उंदीर जाळीला धरून उभे राहिले होते. त्यांची भाताची वेळ झाली होती.