न धुतलेला सदरा

मित्रांनो, जवळ येऊन नाक मुरडाल, म्हणून आधीच सांगतो. मी एक जुना सदरा आहे आणि कित्येक वर्षांत मला साबण लागलेला नाही. हसू नका. तीच माझी नोकरी होती.

शिंप्याने शिवले तेव्हा मी चांगला पांढराशुभ्र होतो. मालकाने मला चारचौघांत मिरवले आणि मी कोपरांपाशी विरल्यावर शेतात आणले. शेत एवढेसे, डोंगराला चिकटलेले. मक्यात दाणा भरला की रानडुकरे उतरायची आणि सगळे आडवे करून जायची. पक्के कुंपण घालण्याची ऐपत नव्हती. मग मालक मला घालून दिवसभर राबायचा, घामाने भिजवायचा आणि संध्याकाळी बांधावरच्या खुंटाला टांगायचा. त्याने डबा बडवत डुकरांना इतके पळवले होते, की नुसत्या त्याच्या वासानेही ती बिचकायची.

"अहो, एकदा तरी धुऊ द्या ना! शेजारी काय म्हणतील?" मालकीण कुरकुरायची.

"शेजाऱ्यांचं सोड, डुकरांना विचार," मालक म्हणायचा. लेक खो खो हसायची. मला मात्र फार अभिमान वाटायचा.

मग मालकाला ताप आला. त्या तापातून तो उठलाच नाही.

त्याचे बाकीचे कपडे धुऊन, वाटून झाले. मी तेवढा उरलो. मालकिणीने मला प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून पत्र्याच्या ट्रंकेत ठेवले. लेक शाळेतून आली की दोघी गाठ सोडायच्या, मला नाकाशी धरायच्या आणि घाईघाईने पुन्हा गाठ मारायच्या. एवढे लाड माझे कधीच झाले नव्हते. पण असले लाड कुणाला हवेत?

पुन्हा मका भरला. मालकिणीने स्वतःचे जुने कपडे बांधावर टांगले. डुकरांनी त्यांना भीक घातली नाही. शेताचा एक कोपरा भुईसपाट झाला.

दीर म्हणाला, "वहिनी, ती डुकरं दादालाच भितात. तो सदरा बाहेर काढा."

"वास उडून जाईल हो, भावजी."

"आणि मका गेला तर वर्षभर खाणार काय?"

संध्याकाळी तिने ट्रंक उघडली.

डुकरे बांधापर्यंत आली, थबकली आणि मागे फिरली. मालक नव्हता, तरी त्याला भ्यायली! पण दवाने मला भिजवले, उन्हाने वाळवले, वाऱ्याने झटकले. मी वास धरून ठेवायची खूप धडपड केली हो. कापडाच्या हाती काय असते? लेक रोज शाळेआधी धावत यायची आणि माझ्या कॉलरमध्ये नाक खुपसायची. एका सकाळी तिने बराच वेळ हुंगले. मग हळूच म्हणाली, "आई, बाबा संपले."

मालकिणीने तिला पोटाशी धरले. दोघी बांधावर बसून पोटभर रडल्या. मग मालकिणीने मला खुंटावरून काढले, स्वतःच्या अंगात घातले आणि कामाला लागली. अंधार पडल्यावर तीच डबा बडवत शेतभर फिरली, रोज फिरली. आता डुकरे तिलाही ओळखतात. उरलेला मका घरात आला.

मी अजून खुंटावर आहे, मित्रांनो, पण आता मला मालकिणीच्या घामाचा वास येतो. कॉलरच्या शिवणीत बाबा थोडेसे उरले असतील, असे लेकीला अजून वाटते. मला तिच्याशी बोलता येत नाही, हे बरेच आहे. तुमच्या घरात कुणाचे मळके कापड खुंटीला असेल, तर धुवायला टाकण्याआधी एकदा नाकाशी धरा. ते माणूस घरात आहे, तोवरच धरा.