शिंपीमास्तरांची खाली न जाणारी नजर

शिंपीमास्तरांना गर्व झालाय, असं घरात ठरून गेलं होतं. जेवताना ताटाकडे बघायचे नाहीत, निम्मा घास शर्टावर. चालताना खाली बघायचे नाहीत, मग उताणे पडायचे.

"चाळीस वर्षं मान खाली घालून शिवलं, आता साहेब झालेत," बायको सुनेला सांगायची, मास्तरांना ऐकू जाईल एवढ्या हळू आवाजात.

मोठ्या डॉक्टरांनी दोन मिनिटांत कंपवात ठरवला. हात कापत नव्हता, पण मोठ्या डॉक्टरांपुढे रोगानेच जरा समजून घ्यायचं असतं. त्यांनी बोट वर-खाली फिरवलं. मास्तरांनी शिलाईच्या सवयीने बोटामागून अख्खी मान वाकवली. 'डोळे उत्तम,' डॉक्टरांनी लिहिलं. गोळ्या दोनाच्या चार झाल्या. पडणं थांबलं नाही, वर पेंग मात्र आली, आणि मुलाने दुकानाची किल्ली काढून घेतली.

आज चाराच्या आठ व्हायच्या होत्या. सुनेने हट्ट धरला म्हणून आधी डोळ्यांच्या हालचालीचं मोजमाप.

मशीनवाल्या बाईंनी मास्तरांची हनुवटी टेकवली, कपाळावर पट्टा आवळला.

"घट्ट होतोय का?"

"बोटभर सैल ठेवा. गिऱ्हाइकाला मी ठेवतो."

"आज नाही ठेवता येणार, काका."

पडद्यावरचा ठिपका उजवीकडे गेला, डोळे गेले. डावीकडेही गेले. ठिपका खाली उतरला. मान वाकायला धडपडली, पट्ट्याने सोडली नाही. डोळे जागच्या जागी.

"बघा ना हो खाली," बायको म्हणाली. "इथे तरी ताठा नको."

"बघतोच आहे गं."

बाईंनी पडदा तिच्याकडे वळवला. खालच्या नजरेची रेघ सपाट होती. "काकू, त्यांच्या मनात आहे, डोळ्यांना जमत नाही. हा आजार बहुतेक वेगळा आहे."

"मला शंका होतीच," ती रेघ बघून मोठे डॉक्टर म्हणाले. ती त्यांनी स्वतःच्या कागदालाही कळू दिली नव्हती. गोळ्या हळूहळू कमी करू म्हणाले. आजार हटणारा नाही, हे मात्र खुर्ची जवळ ओढून सांगितलं. देव त्यांचं भलं करो.

बाहेर बाकावर बायको त्यांच्या शेजारी बसली.

"दोन वर्षं तुम्हाला नाही नाही ते बोलले."

"निम्मं खरं होतं."

"कुठलं निम्मं?"

"ते मशीनला विचार."

ती हसली नाही. जिन्यापाशी तिने त्यांचा दंड धरला. "पायरी," ती म्हणाली. "पायरी. अजून एक आहे. हं, आता सपाट."

एवढ्या अदबीने ती त्यांच्याशी लग्नातसुद्धा बोलली नव्हती.