एकशे अठ्ठेचाळीस पायऱ्या

“हृदय हा माणसाच्या शरीरातला सर्वांत स्वाभिमानी अवयव आहे,” असं नुमान मास्तरांनी जाहीर केलं आणि ते अठ्ठ्याऐंशीव्या पायरीवर मटकन बसले.

“मग बसलात कशाला?” दारातल्या अबू सखरनं विचारलं. लष्करातून निवृत्त झाल्यापासून तो काळ्या कॉफीची किटली घेऊन आपल्या घराच्या याच दारात पहाऱ्याला असे.

“बसलो नाही. ही विश्रांती आहे. व्यायामाचाच भाग.”

“अस्सं! मग आम्ही बारा वर्षं व्यायामच करतोय म्हणायचा.”

हृदयाच्या नळीत जाळी बसवल्यानंतर इस्पितळातल्या व्यायामाच्या बाईंनी मास्तरांना ही पद्धत शिकवली होती. अर्धं मिनिट जोर लावून चढायचं, दीड मिनिट थांबायचं, पुन्हा अर्धं मिनिट. यानं धडधड लवकर खाली यायला शिकते, असं बाई म्हणाल्या. मात्र एका दमात जिना चढायचा असेल तर सावकाश, न थांबता चढायचाही सराव हवा, आणि मध्ये एखादा दिवस सुट्टी हवी, असंही म्हणाल्या. मास्तरांनी पहिलं वाक्य वहीत लिहून घेतलं.

गुण येत होता. त्याचं माप अबू सखरकडं होतं. पाहुण्यानं बिनकानाचा छोटा पेला हलवला की कॉफी पुरे, नाहीतर तो पुन्हा ओतणार. पहिल्या आठवड्यात मास्तरांचा हात इतका थरथरे की पेला आपणच हले आणि अबू सखर तो काढून घेई. आता दहाव्या आठवड्यात दीड मिनिटात हात स्थिर होई आणि तीन पेले पदरात पडत.

अम्मानच्या त्या टेकडीवर मास्तरांचं घर शेवटच्या पायरीला होतं, पायरी एकशे अठ्ठेचाळीस. त्यापुढं नुसता खडक. मुलाचं, मुहन्नदचं म्हणणं होतं की ते विकावं आणि बाबांनी शहरातल्या खल्दा भागात, लिफ्टच्या इमारतीत, त्याच्या खालच्या फ्लॅटमध्ये यावं.

“या घरातून मी निघेन तो चौघांच्या खांद्यावरून,” मास्तर म्हणाले होते, “आणि त्या चौघांनाही मध्ये थांबावं लागेल.”

“मग शुक्रवारी चढून दाखवा. एकदाही न थांबता. थांबलात तर खल्दा.”

“आणि नाही थांबलो तर लिफ्ट हा शब्द तू माझ्यापुढं काढायचा नाहीस.”

शुक्रवारी नमाजानंतर मुहन्नदनं गाडी जिन्याच्या पायथ्याशी लावली. मास्तरांनी कोट काढून मागच्या सीटवर टाकला, घड्याळ काढलं, जपमाळ, चष्म्याचं घर आणि खिशात जे जे खुळखुळत होतं ते सगळं काढून पुढं काचेपाशी ठेवलं.

“बाबा, शर्यत आहे का ही?”

“तुला काय वाटलं, वरात?”

मुहन्नदनं कुनाफ्याचा, त्या तुपा-पाकातल्या मिठाईचा, दोन किलोचा खोका उचलला. हृदयाच्या रुग्णाकडं रिकाम्या हातानं कसं जायचं?

मास्तर निघाले ते एकाच वेगानं. त्यांना दुसरा वेग येत नव्हता. बावीस पायऱ्या गेल्या, चव्वेचाळीस गेल्या. सहासष्टाव्या पायरीला पोटऱ्या नेहमीची विश्रांती मागू लागल्या. मास्तर त्यांच्यावर मनातल्या मनात वर्गात ओरडत तसं ओरडले. पंच्याऐंशीव्या पायरीला डोळ्यांपुढं ठिपके आले.

अठ्ठ्याऐंशीव्या पायरीवर अबू सखर धुतला अंगरखा घालून जिना अडवून उभा होता.

“या, या! मुलाला घेऊन माझ्या दारावरून तसेच जाणार?”

“आज नको, काका,” मुहन्नद धापा टाकत म्हणाला. “आमची पैज...”

“पैज वर. कॉफी इथं.”

मास्तर बसले.

“थांबलात, बाबा.”

उत्तराला हवा लागते; मास्तरांनी आधी ती गोळा केली. मग मास्तर म्हणाले, “थांबलो नाही. थांबवला गेलो. तू सांग त्याला, की तुझी कॉफी नको.”

मुहन्नदनं अबू सखरकडं पाहिलं आणि सांगितलं नाही. खोका मांडीवर घेऊन तोही बसला. पहिला पेला त्याला मिळाला. तो प्यायला आणि पेला पुढं धरला. अबू सखरनं पेला काढून घेतला.

“काका, आणखी घेतली असती.”

“हलवलास की.”

“मी? कधी?”

अबू सखरनं नुसतं बोट दाखवलं. मुहन्नदनं आपल्या हाताकडं पाहिलं. तो अजून हलत होता. मग त्यानं तो खोक्याखाली घातला.

मास्तर तीन पेले प्यायले. घाई केली नाही. तिसरा रिकामा झाल्यावर पेला डावीकडं, उजवीकडं असा नीट, मोजून हलवला आणि उठले.

उरलेल्या साठ पायऱ्यांत मास्तरही थांबले. पण मुहन्नद तिथं पोचेतोवर त्यांची दीड मिनिटं झालेली असत आणि ते निघालेले असत. मुहन्नद दोनदा बसला. दोन्ही वेळा त्यानं खोक्याची दोरी सैल झाल्याचं सांगितलं. वर पोचल्यावर तो दाराला पाठ लावून उभा राहिला. पैजेचं नाव त्यानं काढलं नाही, खल्दाचं नाही आणि लिफ्टचंही नाही.

“दार उघडा, बाबा,” एवढंच म्हणाला. “आधी पाणी द्या.”

मास्तरांनी उजवा खिसा चाचपला. मग डावा. मग सदऱ्याचा.

किल्ली खाली गाडीत होती.