हात बाहेर

फोरमनने हिरव्या बटणावर बोट ठेवलं आणि रोजची हाक दिली, "हात?"

छापखान्याचा हा जुना रिवाज. शाईचे रूळ पुसताना छपाई यंत्रावरचे जुने कारागीर काका खांद्यापर्यंत यंत्रात शिरलेले असत आणि बटणापाशी उभ्या माणसाला ते दिसत नसत. इकडून विचारायचं, "हात?" आतून उत्तर यायचं, "बाहेर." मगच बटण दाबायचं. हे सगळं फोरमनला काकांनीच शिकवलं होतं.

परवा पाच हजार मुखपृष्ठांवर लाल रंग सरकला. नमुना फोरमननेच, न बघता, पास केला होता. मॅनेजरची खुर्ची रिकामी झाली होती. ती मिळवायला त्याला मालकांना काम वेळेआधी उरकून दाखवायचं होतं. मालकांनी जाब विचारला तेव्हा त्याची जीभ भलतीकडेच वळली.

"काकांची नजर आता पहिल्यासारखी राहिली नाही, साहेब."

मागे वळून पाहतो तर काका दारात. हातात तोच नमुना, खाली फोरमनची सही. काकांनी कागद घडी करून खिशात घातला आणि ते कामाला गेले. पुढच्या महिन्यापासून मॅनेजरची खुर्ची फोरमनची, हे काल ठरलं.

तेव्हापासून कुणी वाकडं बोललं नव्हतं. उलट सगळे फारच नीट वागत होते. बांधणी करणाऱ्या मावशी त्याला 'दादा' म्हणायच्या, त्या आज सकाळी 'सर' म्हणाल्या.

"बाहेर," आतून काकांचा आवाज आला.

त्याला हायसं वाटलं. निदान एवढं तरी शिल्लक होतं. त्याने बटण दाबलं. यंत्र ढिम्म. पुन्हा दाबलं.

काका चिंधीला हात पुसत यंत्रामागून आले. शर्टाच्या खिशातून पांढरा फ्यूज काढला आणि भिंतीवरच्या पेटीत बसवला.

"दाबा आता."

आजवर ते त्याला 'दाब रे' म्हणत आले होते.

"काका, एवढाही भरवसा..."

"तुमचं काही नाही हो," काका समजुतीने म्हणाले. "नजर पहिल्यासारखी राहिली नाही माझी."

मावशींनी मान खाली घातली. फोरमनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. फ्यूज काढताना काकांच्या खिशातून घडी घातलेला कागद अर्धा वर आला होता, सहीची शेपटी दिसत होती. काकांनी तो बोटाने हलकेच आत सारला आणि खिशाचं बटण लावून टाकलं.